इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ गेला कुठे? नाव बदललं, नकाशा बदलला, पण खासदारकी कुणाकडे राहिली?

लोकसभेच्या मतदारसंघांची यादी उघडली तर महाराष्ट्रातलं शेवटचं नाव दिसतं ते ४८ व्या क्रमांकाच्या हातकणंगलेचं. कोल्हापूरबाहेरच्या अनेकांना हे गाव नकाशावर शोधावं लागतं. त्याच तालुक्यातलं इचलकरंजी मात्र सगळ्यांना माहीत असतं. 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणून ओळखलं जाणारं, यंत्रमागांच्या खडखडाटावर चालणारं हे शहर. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती आणि २०२२ मध्ये तिथे महापालिकाही झाली.

मग एवढं मोठं शहर सोडून मतदारसंघाला हातकणंगलेचं नाव का? आणि १९७७ ते २००९ अशी ३२ वर्षं लोकसभेच्या यादीत असलेला 'इचलकरंजी' मतदारसंघ गेला कुठे?

हा प्रश्न फक्त जुन्या आठवणींचा नाही. नवी जनगणना आणि तिच्यानंतरची मतदारसंघांची पुनर्रचना यांची चर्चा देशभर सुरू आहे. नकाशा पुन्हा आखला जाईल तेव्हा काय होऊ शकतं, हे समजून घ्यायचं असेल तर इचलकरंजीचा इतिहास पाहायला हवा.

आधी हातकणंगले, मग इचलकरंजी, पुन्हा हातकणंगले

अनेकांना वाटतं की हातकणंगले हा २००९ मध्ये जन्मलेला नवा मतदारसंघ आहे. प्रत्यक्षात हे नाव इचलकरंजीच्याही आधीचं आहे.

१९६२ च्या निवडणुकीत हातकणंगले मतदारसंघातून काँग्रेसचे कृष्णाजी मोरे लोकसभेत गेले. १९६७ मध्ये इथे वेगळा निकाल लागला. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातल्या महाराणी विजयमाला शेतकरी कामगार पक्षाकडून निवडून आल्या. राजघराण्यातली महाराणी आणि पक्ष शेतकरी-कामगारांचा, हे आज वाचताना गंमतीचं वाटतं. पण त्या काळात कोल्हापूर जिल्ह्यात शेकाप हाच काँग्रेससमोरचा खरा विरोधक होता.

१९७१ च्या इंदिरा लाटेत ही जागा काँग्रेसकडे परत आली. खासदार झाले दत्ताजीराव कदम, म्हणजे इचलकरंजीच्या सहकारी वस्त्रोद्योगातलं मोठं नाव. शहरातली 'डीकेटीई' ही टेक्स्टाईल आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण देणारी संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मतदारसंघाच्या नावात इचलकरंजी नव्हतं, तेव्हा खासदार इचलकरंजीच्या उद्योगातला होता.

त्यानंतर १९७१ च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचना झाली आणि १९७७ च्या निवडणुकीत हातकणंगलेच्या जागी इचलकरंजी हे नाव आलं.

नाव शहराचं, खासदार रुकडीचा

१९७७ ची निवडणूक आणीबाणीनंतरची. देशभर काँग्रेसविरोधी वारं होतं. शेजारच्या कोल्हापूर मतदारसंघातून शेकापचे दाजीबा देसाई निवडून आले. इचलकरंजीत मात्र काँग्रेस टिकली आणि राजाराम उर्फ बाळासाहेब माने खासदार झाले.

बाळासाहेब माने हातकणंगले तालुक्यातल्या रुकडीचे. १९७७, १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. या काळात दिल्लीत जनता पक्षाचं सरकार आलं आणि गेलं, इंदिरा गांधी परतल्या, राजीव गांधी आले, व्ही. पी. सिंग आले. इचलकरंजीचा खासदार मात्र बदलला नाही.

१९९६ मध्ये काँग्रेसकडून कल्लाप्पाण्णा आवाडे निवडून आले आणि १९९८ मध्ये पुन्हा जिंकले. आवाडे हे इचलकरंजीतलं घराणं. सूतगिरण्या, बँक आणि हुपरीचा जवाहर साखर कारखाना असा त्यांचा सहकारातला पसारा. शहराच्या नावाच्या मतदारसंघाला शहरातला खासदार मिळाला, तो या दोन निवडणुकांत.

१९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मतं दुभंगली. त्या निवडणुकीत राष्ट्रवादीकडून निवेदिता माने जिंकल्या. त्या बाळासाहेब माने यांच्या सून. २००४ मध्येही त्याच निवडून आल्या.

इचलकरंजी या नावाने झालेल्या नऊ निवडणुकांचा हिशेब असा:

- माने घराणं: ७ वेळा (बाळासाहेब ५, निवेदिता २)
- आवाडे घराणं: २ वेळा

म्हणजे नाव शहराचं असलं तरी बहुतेक काळ खासदारकी रुकडीत होती. लोकसभेचा मतदारसंघ सहा विधानसभा मतदारसंघ मिळून बनतो. शहर कितीही मोठं असलं तरी ते त्या सहातलं एक. बाकी सगळीकडे गावं, ऊस, दूध संस्था आणि सोसायट्या. जिंकायचं तर गावं सोबत असावी लागतात.

मग २००८ मध्ये नेमकं काय झालं?

इथे थोडं गणित येतं, पण सोपं आहे.

मतदारसंघांच्या सीमा ठरवण्यासाठी परिसीमन आयोग नेमला जातो. २००२ च्या कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली असा आयोग नेमला गेला. राज्याच्या एकूण जागा बदलायच्या नव्हत्या. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा कायम राहणार होत्या. २००१ च्या जनगणनेनुसार राज्याच्या आतल्या सीमा मात्र नव्याने आखायच्या होत्या.

ज्या जिल्ह्यांची लोकसंख्या वेगाने वाढली, त्यांना विधानसभेच्या जास्त जागा मिळाल्या. ज्यांची वाढ हळू झाली, त्यांच्या जागा कमी झाल्या. कोल्हापूर दुसऱ्या गटात होता.

आधी कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेच्या १२ जागा होत्या. पुनर्रचनेनंतर १० उरल्या. पन्हाळा, सांगरूळ, वडगाव, गडहिंग्लज ही नावं यादीतून गेली.

आता लोकसभेचा हिशेब करा. एका लोकसभा मतदारसंघाला सहा विधानसभा मतदारसंघ लागतात. दोन मतदारसंघांना बारा हवेत आणि जिल्ह्यात आहेत दहाच. कोल्हापूर मतदारसंघाला सहा दिल्यावर चार उरले: शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. कमी पडलेले दोन शेजारच्या सांगली जिल्ह्यातून घेतले: इस्लामपूर आणि शिराळा.

अशा रीतीने शाहूवाडीच्या डोंगरापासून शिरोळच्या कृष्णाकाठापर्यंत आणि पंचगंगेपासून वारणेच्या पलीकडे वाळवा-शिराळ्यापर्यंत पसरलेला नवा मतदारसंघ तयार झाला. त्याला जुनंच नाव मिळालं, हातकणंगले. २००९ ची निवडणूक या नव्या नकाशावर झाली.

हे फक्त इचलकरंजीच्या बाबतीत घडलं नाही. कराड, पंढरपूर, खेड, राजापूर, कुलाबा, कोपरगाव, एरंडोल, चिमूर हे लोकसभा मतदारसंघही त्याच वेळी गेले. माढा, शिरूर, मावळ, रायगड, शिर्डी, पालघर ही नावं आली.

नवा नकाशा आणि शेतकरी नेत्याचा विजय

२००९ मध्ये निवेदिता माने यांच्यासमोर उभे राहिले राजू शेट्टी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या मुशीत घडलेले, नंतर स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी करणारे आणि २००४ मध्ये शिरोळमधून अपक्ष आमदार झालेले. उसाची पहिली उचल, कारखान्यांचा काटा आणि वेळेवर मिळणारं बिल हे त्यांचे विषय. जयसिंगपूरची ऊस परिषद हा त्यांच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. 'एक नोट, एक व्होट' म्हणत त्यांनी मतांबरोबर निवडणुकीचा खर्चही लोकांकडेच मागितला.

निकाल लागला तेव्हा शेट्टींना ४,८१,०२५ मतं होती आणि माने यांना ३,८५,९६५. फरक होता ९५,०६० मतांचा.

हा विजय नव्या नकाशामुळे झाला का? काही अंशी तसं म्हणता येईल. नव्याने जोडलेला वाळवा तालुका हा ऊसपट्टा आहे, तिथे शेतकरी चळवळीची जुनी मुळं आहेत आणि माने घराण्याची जुनी बांधणी तिथे नव्हती. पण सगळं श्रेय नकाशाला देता येणार नाही. त्याच वर्षी शेजारच्या कोल्हापुरात सदाशिवराव मंडलिक यांनी अपक्ष उभं राहून राष्ट्रवादीच्या उमेदवाराला हरवलं. जिल्ह्यात राष्ट्रवादीविरुद्ध नाराजी होतीच. नकाशाने तिला वाट मोकळी करून दिली.

२०१४ मध्ये शेट्टी महायुतीबरोबर होते. त्यांना ६,४०,४२८ मतं मिळाली आणि काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे ४,६२,६१८ मतांवर थांबले. फरक १,७७,८१० मतांचा. म्हणजे २००९ मध्ये माने घराणं आणि २०१४ मध्ये आवाडे घराणं, जुन्या मतदारसंघातल्या दोन्ही सत्ताकेंद्रांना शेट्टींनी पाठोपाठ हरवलं.

घराणं परत आलं

२०१७ मध्ये शेट्टी भाजपप्रणीत आघाडीतून बाहेर पडले. २०१९ ला ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीकडून लढले. ज्या साखर सम्राटांविरुद्ध रस्त्यावर उतरून ते मोठे झाले, त्यांच्याच पक्षांबरोबर एका व्यासपीठावर बसण्याची ही वेळ होती.

समोर शिवसेनेचे धैर्यशील माने होते. बाळासाहेबांचे नातू आणि निवेदिता माने यांचे चिरंजीव. त्यांना ५,८५,७७६ मतं मिळाली, शेट्टींना ४,८९,७३७. फरक ९६,०३९. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने घेतलेली १,२३,४१९ मतं या फरकापेक्षा जास्त होती. अर्थात ती सगळी शेट्टींकडेच गेली असती असं मानायला आधार नाही.

२०२४ पर्यंत शिवसेनेचे दोन भाग झाले होते. धैर्यशील माने एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून उभे राहिले. ठाकरे गटाकडून शाहूवाडीचे माजी आमदार सत्यजित पाटील सरूडकर आले. शेट्टींनी दोन्ही आघाड्यांना बाजूला ठेवून एकट्याने लढायचं ठरवलं. निकाल असा लागला:

- धैर्यशील माने: ५,२०,१९०
- सत्यजित पाटील सरूडकर: ५,०६,७६४
- राजू शेट्टी: १,७९,८५०

माने जिंकले, पण फक्त १३,४२६ मतांनी. मतदारसंघात सुमारे १८ लाख मतदार आहेत, हे लक्षात घेतलं तर हा फरक किती थोडा होता ते कळतं.

शेट्टींचे चार निवडणुकांतले आकडे शेजारी ठेवून पाहा: ४.८१ लाख, ६.४० लाख, ४.९० लाख, १.८० लाख. सगळ्यात मोठा आकडा मोठ्या आघाडीत असतानाचा आहे आणि सगळ्यात लहान आकडा थेट दोन आघाड्यांच्या लढतीत एकटं राहिल्यानंतरचा. आंदोलनातली ताकद प्रत्येक वेळी मतपेटीत उतरतेच असं नाही.

१३ निवडणुका, ५ खासदार

१९७७ पासून २०२४ पर्यंतच्या दोन्ही नावांच्या निवडणुका एकत्र धरल्या तर १३ होतात. या ४७ वर्षांत खासदार झाले फक्त पाच जण. त्यातल्या ९ निवडणुका माने घराण्याने जिंकल्या, २ आवाडेंनी आणि २ शेट्टींनी. पक्ष बदलले, चिन्हं बदलली, नावही बदललं. माने घराण्याचाच प्रवास बघा: काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना आणि आता शिंदेंची शिवसेना.

आणि आवाडे? लोकसभेतून ते बाहेर राहिले, पण शहर सोडलं नाही. २०१९ मध्ये प्रकाश आवाडे इचलकरंजीतून अपक्ष आमदार झाले आणि २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव राहुल आवाडे भाजपकडून निवडून आले. लोकसभेची हद्द दूरवर पसरली तशी शहराची राजकीय ताकद विधानसभेपुरती उरली.

शहराला याचा फटका बसतो का?

इचलकरंजीत कुणालाही विचारा, पहिला विषय निघतो पाण्याचा. पंचगंगेचं प्रदूषण जुनं आहे आणि कृष्णेची योजना शहराला पुरत नाही. म्हणून वारणेचं पाणी शिरोळ तालुक्यातल्या दानोळीतून आणायचं ठरलं. वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. आमच्या शेतीचं पाणी शहराला आणि उद्योगांना का, हा त्यांचा सवाल होता. मग दूधगंगेवर कागल तालुक्यातल्या सुळकूडमधून योजना आखली गेली. तिथल्या गावांनीही तोच सवाल केला.

आता हा वाद नकाशावर ठेवा. दानोळी आणि इचलकरंजी एकाच लोकसभा मतदारसंघात येतात. म्हणजे पाइपलाइनच्या दोन्ही टोकांना एकाच खासदाराचे मतदार आहेत. सुळकूड आहे कागलमध्ये, म्हणजे कोल्हापूर मतदारसंघात. तिथे दोन टोकांना दोन खासदार. पहिल्या बाबतीत खासदाराला बाजू घेणं अवघड. दुसऱ्या बाबतीत बाजू घेणं सोपं, पण तोडगा काढायला दोघांचं एकमत लागतं.

दोन्हीकडचं म्हणणं खरं आहे. नळाला दिवसाआड पाणी आलं तरी समाधान मानणाऱ्या शहराचंही आणि नदीवर ऊस पोसणाऱ्या गावांचंही. मतदारसंघाला शहराचं नाव असतं तर हा प्रश्न सुटला असता, असं ३२ वर्षांचा इतिहास पाहून म्हणता येत नाही. हद्द कशी आखली जाते यावर मात्र कोणाच्या प्रश्नासाठी कोण भांडणार, हे बरंच ठरतं.

खऱ्या मँचेस्टरची गोष्ट

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे या गावाला मँचेस्टरची उपमा चिकटली. योगायोग असा की, मतदारसंघांच्या नकाशाचा सगळ्यात गाजलेला अन्याय खऱ्या मँचेस्टरच्याच वाट्याला आला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधलं हे गिरण्यांचं शहर झपाट्याने वाढत होतं, पण ब्रिटिश संसदेत त्याला स्वतःचा खासदार नव्हता. त्याच वेळी ओल्ड सॅरम नावाच्या जवळपास ओसाड जागेतून दोन खासदार जात होते. शतकानुशतकं नकाशा बदललाच नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरमच्या जागा गेल्या आणि मँचेस्टरला दोन मिळाल्या.

आज ब्रिटनमध्ये ठरावीक काळाने सीमांचा आढावा घेतला जातो. २०२४ च्या निवडणुकीआधीच्या आढाव्यात काही बेटांचा अपवाद सोडला तर प्रत्येक मतदारसंघात ६९,७२४ ते ७७,०६२ एवढेच मतदार असावेत असा नियम होता. आपल्या हातकणंगलेत १८ लाख. एवढ्या लोकांसाठी एक खासदार, म्हणून आपल्याकडे हद्द कुठून जाते याला जास्त वजन येतं.

पुढे काय?

राज्यघटनेतल्या ८४ व्या दुरुस्तीनुसार लोकसभेच्या जागांचं राज्यनिहाय वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गोठवलेलं आहे. त्या जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर केली आहे. देशपातळीवर चर्चा आहे ती उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांच्या जागांची. पण तसाच पेच राज्याच्या आतही आहे.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांनी. कोल्हापूरची फक्त १० टक्क्यांनी. पुढेही असंच होत राहिलं आणि राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच राहिल्या, तर कोल्हापूरचा वाटा पुन्हा कमी होऊ शकतो. एकूण जागा वाढवल्या तर चित्र वेगळं असेल. दोन्ही परिस्थितींत आजची हद्द तशीच राहील याची खात्री नाही.

म्हणून एक गोष्ट माहीत असलेली बरी. परिसीमन आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती आणि सूचना मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. आपलं गाव कुठे जोडलं जावं, पाण्याच्या योजनेची दोन टोकं एका मतदारसंघात असावीत की नाही, मतदारसंघाचं नाव काय असावं, हे सांगायची संधी तेव्हाच असते. अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ मिळतं आणि न्यायालयात त्याविरुद्ध दाद मागायला फारच थोडी जागा उरते.

२००८ मध्ये इचलकरंजी हे नाव यादीतून गेलं. पुढच्या वेळी कुठलं नाव जाईल आणि कुठलं येईल, ते आज कुणीच सांगू शकत नाही. मसुदा येईल तेव्हा नावापेक्षा हद्दीची रेघ नीट पाहा. आपला खासदार कोणाकोणाचा खासदार असणार आहे, ते त्या रेघेवरून कळतं.